विदूषक, उमेदवार, नट आणि आयकराचं कलम : कोल्युश नावाचं प्रकरण

कुठल्याही देशात विनोदी नट राजकारणात उतरला की फ्रेंच वर्तमानपत्रांना एक नाव हमखास आठवतं. इटलीत बेप्पे ग्रिल्लोचा पक्ष वाढला तेव्हा आठवलं, २०१९ मध्ये युक्रेनमध्ये झेलेन्स्की निवडून आले तेव्हाही आठवलं. ते नाव म्हणजे कोल्युश. हेच नाव गरिबांना जेवण देणाऱ्या फ्रान्समधल्या एका मोठ्या संस्थेचा संस्थापक म्हणून येतं. ‘रेस्तो द्यू क्योर’ ही ती संस्था, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिला ४० वर्षं झाली. आयकर भरताना देणगीची सूट घेणारा फ्रेंच माणूसही ‘कोल्युश कायदा’ म्हणतो, आणि जुन्या सिनेमांचा शौकीन त्याच माणसाला मिळालेल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पुरस्काराबद्दल सांगतो.

आपल्याकडच्या वाचकाचा इथे गोंधळ होतो. ही चार माणसं आहेत की एकच? माणूस एकच, आणि तो जगला अवघी ४१ वर्षं. एवढ्या वेळात त्याने जे केलं ते वरवर पाहता एकमेकांशी जुळत नाही. माझ्या मते मात्र त्यामागची पद्धत शेवटपर्यंत एकच होती. ज्यांना कुणी मोजत नाही त्यांच्या बाजूला उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा एक साधा प्रश्न मोठ्याने विचारायचा. ही पद्धत रंगमंचावर, निवडणुकीत, पडद्यावर आणि शेवटी कायद्यात कशी पोचली, ते क्रमाने पाहू.

माणूस कुठला?

खरं नाव मिशेल कोलुची. जन्म २८ ऑक्टोबर १९४४, पॅरिस. वडील इटलीतून आलेले, घरं रंगवायचं काम करणारे. मिशेल लहान असतानाच ते पोलिओने गेले. आई फुलांच्या दुकानात काम करायची, आणि तिने मुलगा आणि मुलगी दोघांना एकटीने वाढवलं. पॅरिसच्या दक्षिणेला लागून असलेल्या मोंरूज या कामगारवस्तीत हे घर होतं. महिनाअखेरीला पैसे संपणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

शाळा लवकर सुटली. त्यानंतर मिळेल ते काम केलं, सक्तीच्या लष्करी सेवेत वरिष्ठांचं ऐकलं नाही म्हणून कोठडीही पाहिली. मग गिटार घेऊन पॅरिसच्या कॅफेंमधून गाणी म्हणू लागला. कोलुचीचा कोल्युश याच सुमारास झाला.

काफे-थिएटर हा काय प्रकार?

१९६८ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले. सरकार टिकलं, पण मोठ्यांपुढे मान खाली घालायची जुनी सवय बरीच सुटली. त्या वाऱ्यात लहान लहान नाट्यगृहं उभी राहिली. पन्नास-शंभर माणसं, जेमतेम मंच, नेपथ्य जवळजवळ नाही, संहिता नटांनीच लिहायची. यालाच काफे-थिएटर म्हणतात.

त्यातलं गाजलेलं ठिकाण ‘काफे द ला गार’. १९६९ मध्ये रोमँ बुतेय, कोल्युश, पात्रिक दवेर, मियू-मियू आणि त्यांच्या मित्रांनी पॅरिसच्या मोंपार्नास भागातल्या पंख्यांच्या एका बंद कारखान्याची जागा स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून ते सुरू केलं. तिकिटाचा दर लॉटरीवर ठरायचा. शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असायचे. पैसेवाला पुढे आणि गरीब मागे ही नाट्यगृहाची उतरंड दारातच मोडायची. पुढच्या दोन दशकांतल्या फ्रेंच विनोदी सिनेमाचे कितीतरी चेहरे अशाच खोल्यांतून आले.

कोल्युशचं मात्र सहकाऱ्यांशी फार काळ पटलं नाही. दारू आणि तापटपणा ही त्याची दुसरी बाजू होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्याने स्वतःची मंडळी काढली, तीही सोडली आणि १९७४ पासून एकट्याने मंचावर उभा राहू लागला.

त्याचा विनोद चालायचा कसा?

निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, खांद्यावर पट्टे असलेली ढगळ विजार, आत पिवळा टी-शर्ट, गोल चष्मा, कुरळे केस, सुटलेलं पोट. हे रूप पुढे इतकं रुळलं की नुसती त्या विजारीचं चित्र दाखवलं तरी फ्रेंच माणूस नाव सांगेल.

त्याचा पहिला गाजलेला प्रवेश म्हणजे एक किस्सा, जो तो कधी सांगतच नाही. “एक माणूस असतो,” अशी सुरुवात करतो आणि तिथेच अडतो. कसला माणूस? साधा माणूस. म्हणजे गोरा. कारण काही किस्से माणूस परदेशी असला किंवा ज्यू असला की जास्त हसवतात, मग तसं आधी सांगावं लागतं. तो पुन्हा सुरुवात करतो, पुन्हा भरकटतो. प्रेक्षक खदखदून हसत असतात आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की आपल्या रोजच्या विनोदांत ‘साधा माणूस’ कोण आणि हसायचं कुणाला, हे आधीच ठरलेलं असतं.

या प्रवेशात कोल्युश शहाणपण शिकवत नाही. तो स्वतःच त्या अडाणी, थोड्या दारुड्या, पूर्वग्रहांनी भरलेल्या माणसाचं सोंग घेतो. टीका करणारा मंचावर दिसत नाही, तो प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. ही कसरत कठीण असते. नट जरा घसरला तर पूर्वग्रहाची खिल्ली उडायच्या ऐवजी पूर्वग्रहच पक्का होतो. तो कधीकधी घसरलाही, त्याबद्दल पुढे येईलच.

रेडिओने तो घराघरांत पोचला. ‘युरोप १’ वर त्याचा दुपारचा कार्यक्रम प्रचंड चालला. नंतर ‘रेडिओ माँते-कार्लो’ ने त्याला घेतलं आणि काही दिवसांतच काढून टाकलं. मोनॅकोच्या राजघराण्याची चेष्टा त्यांना सोसवली नाही.

उमेदवारी : थट्टा की खरी?

३० ऑक्टोबर १९८० रोजी पॅरिसमधल्या ज्या नाट्यगृहात त्याचे प्रयोग चालायचे तिथेच पत्रकारांना बोलावून त्याने जाहीर केलं की १९८१ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तो लढवणार.

इथे फ्रान्सची पद्धत थोडी समजून घ्यावी लागते. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते, दोन फेऱ्यांमध्ये. पहिल्या फेरीत सगळे उमेदवार असतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात. पहिल्या फेरीत उभं राहायलाही एक चाळणी आहे. निदान ५०० निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या, म्हणजे महापौर, आमदार-खासदार वगैरेंच्या सह्या लागतात, आणि त्याही वेगवेगळ्या जिल्ह्यांतून. आधी हा आकडा १०० होता, १९७६ मध्ये तो ५०० झाला. फ्रान्समध्ये जवळपास ३५ हजार गावं-शहरं आहेत आणि प्रत्येकाला महापौर आहे, त्यामुळे ५०० हा आकडा छोटा वाटतो. पण खेड्यातला महापौर पक्षांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना दुखवून एका विदूषकासाठी सही करेल का?

कोल्युशचं आवाहनच सर्वांना हादरवणारं होतं. आळशी, मळके, व्यसनी, कैदी, समलिंगी, बायका, तरुण, म्हातारे, कलाकार, स्थलांतरित, ज्यांना राजकारणी मोजत नाहीत अशा सगळ्यांनी मतदारयादीत नाव नोंदवा आणि मला मत द्या, असं तो म्हणत होता. ‘शार्ली एब्दो’ या उपहासात्मक साप्ताहिकाने ते छापलं. आत्तापर्यंत फ्रान्सचे दोन तुकडे झाले होते, मी आलो की त्याच्या चार घड्या पडतील, ही त्याची घोषणा. हसून हसून माणसाच्या चार घड्या पडतात, अशी फ्रेंच बोली आहे.

सुरुवातीला ही थट्टाच होती, याबद्दल मला शंका नाही. निवडून यावं असं त्याला वाटत नव्हतं. पण १४ डिसेंबर १९८० रोजी ‘जुर्नाल द्यू दिमांश’ या रविवारच्या वर्तमानपत्राने मतचाचणी छापली आणि तीत कोल्युशला १६ टक्के मतं दिसली. त्या आकड्याचं वजन समजायला प्रत्यक्ष निकाल पाहा. एप्रिल १९८१ च्या पहिल्या फेरीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांना २८ टक्क्यांच्या वर, समाजवादी पक्षाच्या मित्तराँ यांना जवळपास २६, उजव्या बाजूच्या शिराक यांना १८, आणि ज्यांच्याकडे गावोगाव कार्यकर्ते होते त्या कम्युनिस्ट पक्षाच्या जॉर्ज मार्शे यांना १५ टक्क्यांच्या थोडं वर मतं पडली. हातात पक्ष नाही, कार्यालय नाही, जाहीरनामा नाही, असा एक विदूषक चाचणीत त्याच पातळीवर होता.

थट्टाच होती, तर सगळे घाबरले का?

दोन फेऱ्यांच्या गणितामुळे. पहिल्या फेरीत दुसरा आणि तिसरा यांच्यात थोडंच अंतर असतं. कोल्युशची मतं मुख्यतः डाव्या बाजूची, तरुणांची होती. ती त्याच्याकडे गेली तर मित्तराँ दुसऱ्या फेरीत पोचणारच नाहीत, ही समाजवाद्यांची धास्ती होती. उजवीकडच्यांना तो देशाच्या सर्वोच्च पदाचा अपमान वाटत होता. दोन्ही बाजूंना तो नको होता. समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू, तत्त्वज्ञ जील दलझ आणि फेलिक्स गातारी यांच्यासारख्यांनी मात्र त्याच्या उमेदवारीला जाहीर पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. राजकारण हा फक्त त्यातल्या तज्ज्ञांचा धंदा आहे आणि बाकीच्यांनी गप्प बसावं, हे कुणी ठरवलं?

मग आवाज बंद व्हायला लागला. त्या काळी फ्रान्समध्ये दूरदर्शनच्या तीनच वाहिन्या होत्या आणि तिन्ही सरकारी. खाजगी म्हणवणाऱ्या मोठ्या रेडिओ केंद्रांपैकी काहींमध्येही सरकारचा हिस्सा होता. कोल्युशला कुणी बोलवेना. धमक्या येऊ लागल्या. त्याच्या एका सहकाऱ्याचा खून झाला. तो खाजगी कारणातून झाल्याचं पुढे उघड झालं, पण त्या दिवसांत ते कुणाला माहीत होतं? १९८१ च्या मार्चमध्ये प्रसारणबंदीविरुद्ध त्याने उपोषण केलं आणि १६ मार्चला उमेदवारी मागे घेतली. १० मे रोजी मित्तराँ निवडून आले.

या सगळ्यातून काय निघालं? माझं मत असं की त्याने एक चाचणी करून दाखवली. मतदान न करणाऱ्या माणसाला नीट हाक मारली तर तो येऊ शकतो, हे त्या १६ टक्क्यांनी सिद्ध केलं. आणि ही हाक ऐकू जाऊ नये म्हणून किती दारं बंद करता येतात, हेही दिसलं.

मग एकदम गंभीर भूमिका कशी?

सिनेमात तो १९७० पासून होता. १९७६ मध्ये क्लोद झिदीच्या ‘लेल ऊ ला क्युईस’ मध्ये त्याने लुई द फ्युनेस या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या विनोदी नटाच्या मुलाचं काम केलं. बाप उपाहारगृहांना तारे देणारं मार्गदर्शक पुस्तक काढतो, मुलाने तेच पुढे चालवावं असं त्याला वाटतं, आणि मुलगा चोरून सर्कशीत विदूषकी करतो. फ्रान्समध्ये सुमारे ५८ लाख तिकिटं विकली गेली. त्यानंतरचे त्याचे बरेच सिनेमे, खरं सांगायचं तर, घाईत उरकलेले आहेत. लोक हसायला यायचे, तो हसवायचा, मामला संपला.

उमेदवारीनंतरची वर्षं वाईट गेली. संसार मोडला, व्यसनं वाढली. १९८२ च्या जुलैमध्ये काफे द ला गारपासूनचा मित्र पात्रिक दवेर याने आत्महत्या केली. अशा काळात दिग्दर्शक क्लोद बेरीने त्याला ‘चाओ पांतँ’ मध्ये घेतलं. बेरीने त्याला याआधीही सिनेमात घेतलं होतं, पण हे धाडस वेगळंच होतं.

यात कोल्युश झाला लाँबेर, पॅरिसमधल्या पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा. काचेच्या खोलीत बसतो, बाटलीतून घोट घेतो, गाडी आली की उठतो, पेट्रोल भरतो, परत येऊन बसतो. एका रात्री बेन्सुसाँ नावाचा तरुण तिथे आडोशाला येतो. अमली पदार्थ विकणारा किरकोळ पोरगा. दोघांत हळूहळू ओळख होते. मग त्या पोराला लाँबेरच्या डोळ्यांदेखत मारलं जातं, आणि आपल्याला कळतं की हा पंपावरचा माणूस एके काळी पोलिसात होता आणि त्याचा स्वतःचा मुलगा नशेपायी गेला.

कोल्युश यात काय करतो, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. तो जवळजवळ काहीच करत नाही. मंचावर ज्या तोंडाची टकळी थांबत नसे ते इथे मिटलेलं. वाक्यं तुटक, आवाज खालचा, नजर समोरच्यावर न ठरणारी. पोट तेच, चालही तीच जड, पण हसवणारी ती चाल इथे थकलेल्या माणसाची होते. विनोदी नटाला वेळेचं भान असावं लागतं, कुठे किती थांबायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. विनोदात त्या थांबण्यानंतर हशा येतो. इथे काहीच येत नाही, नुसती शांतता राहते. म्हणूनच मला ही भूमिका त्याच्या आधीच्या कामापासून तुटलेली वाटत नाही. किस्सा सांगता न येणारा तो मंचावरचा माणूस आणि हा लाँबेर एकाच वस्तीतले आहेत.

१९८४ मध्ये फ्रान्सचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार, सेझार, त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून मिळाला. बेन्सुसाँ झालेल्या रिशार आंकोनिनाला सहायक अभिनेता आणि नवोदित असे दोन मिळाले.

फुकट जेवणाची कल्पना आली कुठून?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये वीस लाखांहून जास्त बेकार होते. ज्यांना काल-परवापर्यंत नोकरी होती अशी कुटुंबं रांगेत उभी राहू लागली. वर्तमानपत्रं त्यांना ‘नवे गरीब’ म्हणू लागली.

२६ सप्टेंबर १९८५ रोजी युरोप १ वरच्या कार्यक्रमात कोल्युश सहज बोलल्यासारखं बोलला. आपल्याकडे एक छोटीशी कल्पना आहे, कुणी कंपनी पैसे घालणार असेल तर पॅरिसमध्ये फुकट खानावळ काढू, दिवसाला दोन-तीन हजार ताटं, मग इतर शहरांत. कसलंही भाषण नव्हतं. पण ऐकणारे लाखो होते आणि फोन येऊ लागले. २१ डिसेंबरला पहिली केंद्रं उघडली. पहिल्याच हिवाळ्यात सुमारे ५,००० स्वयंसेवकांनी ८५ लाख जेवणं वाटली. गायक जाँ-जाक गोल्डमनने संस्थेसाठी गाणं लिहिलं, आणि १९८६ च्या जानेवारीत दूरदर्शनवर खास कार्यक्रम झाला ज्यात नट, खेळाडू आणि एकमेकांशी न पटणारे राजकारणीही हजर होते. पाच वर्षांपूर्वी ज्याला पडद्यावर येऊ देत नव्हते त्याच्याच बोलावण्यावर.

लोण्याचे डोंगर आणि युरोपची गोदामं

रोज हजारो लोकांना जेवू घालायचं तर धान्य, दूध, लोणी हवं. कोल्युशने विचारलं, ते तर युरोपच्या गोदामांत पडून आहे, मग द्या की!

हे गोदामांचं प्रकरण आपल्या वाचकाला चटकन समजेल. आपल्याकडे सरकार हमीभावाने गहू-तांदूळ घेतं आणि अन्न महामंडळाची गोदामं भरतात, तसंच काहीसं तेव्हाच्या युरोपीय समुदायात होतं. शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळावा म्हणून बाजारात न खपलेलं लोणी, दुधाची भुकटी, मांस, धान्य सरकारी पैशाने विकत घेतलं जाई. माल इतका साठला की लोण्याचे डोंगर हा शब्दप्रयोग रूढ झाला. साठवायला खर्च, टिकवायला खर्च, शेवटी नष्ट करायला किंवा मातीमोलाने परदेशी विकायलाही खर्च. आणि त्याच देशांत माणसं उपाशी.

१९८६ च्या फेब्रुवारीत कोल्युश स्त्रासबुर्गला युरोपीय संसदेपुढे गेला आणि हाच हिशोब मांडला. त्याच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, युरोपने शिल्लक साठा गरिबांसाठी देण्याची योजना केली. ती २०१३ पर्यंत चालली. मधल्या काळात शेतीधोरण बदलून डोंगर वितळले, मग बाजारातून माल घेऊन वाटप होऊ लागलं. त्यावर जर्मनीने हरकत घेतली आणि २०११ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ती मान्य केली, कारण मूळ योजना फक्त शिल्लक मालाची होती. बरीच ओढाताण होऊन २०१४ पासून स्वतंत्र निधी सुरू झाला.

कोल्युश कायदा म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीखाली देणगी दिली की (जुनी करपद्धत निवडली असेल तर) देणगीचा अर्धा किंवा पूर्ण भाग उत्पन्नातून वजा होतो. म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने १०० रुपये दिले आणि अर्धी वजावट मिळाली, तर त्याचा कर वाचतो साधारण १५ रुपये.

कोल्युश कायद्यात रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही, ती थेट करातून वजा होते. गरजूंना जेवण, निवारा किंवा औषधोपचार देणाऱ्या संस्थेला २०० युरो दिले तर तुमच्या करातून १५० युरो कमी होतात. खिशातून गेले फक्त ५०. म्हणजे ७५ टक्के सूट. तिला मर्यादा आहे, ती २०२० मध्ये वाढवून १,००० युरो केली होती आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने २,००० केली. त्यावरच्या रकमेला ६६ टक्क्यांची नेहमीची सूट लागते.

ही मागणी कोल्युशने हयातीत केली होती. कायदा झाला १९८८ च्या अखेरीस, १९८९ च्या अर्थसंकल्पासोबत. सुरुवातीला सूट ५० टक्के होती, पुढे ती ७५ वर गेली.

“हे तर सरकारचं काम आहे ना?”

हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे आणि तो बरोबर आहे. पण वरचा हिशोब पुन्हा पाहा. १०० युरोच्या देणगीतले ७५ सरकारी तिजोरीतूनच जातात. कुठल्या संस्थेकडे जायचे ते नागरिक ठरवतो, एवढंच. त्यामुळे कोल्युशने सरकारला मोकळं सोडलं असं मला म्हणता येत नाही. उलट त्याने सरकारचा हात धरून तो तिजोरीत घातला. किमान उत्पन्नाची हमी देणारा फ्रान्सचा कायदाही १९८८ च्या डिसेंबरचाच. तो कोल्युशमुळे झाला असं नाही, पण गरिबी आहे हे कबूल करायला देश तयार झाला, त्यात त्या खानावळींसमोरच्या रांगांचा वाटा होता.

दोष मात्र दोन आहेत. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त कुटुंबांना आयकर लागतच नाही. त्यांतल्या कुणी दहा युरो दिले तर दहाही त्याच्याच खिशातून जातात, सूट मिळते ती कर भरणाऱ्याला. दुसरा दोष मोठा. एका हिवाळ्यापुरती वाटलेली सोय कायमची झाली. २०२२-२३ मध्ये रेस्तोने १३ लाख लोकांना १७ कोटींहून जास्त जेवणं दिली. देशातल्या अन्नमदतीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भार ही एकटी संस्था उचलते, ७० हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या जोरावर. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महागाईने कंबरडं मोडलं तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी दूरदर्शनवर सांगितलं की असंच चाललं तर तीन वर्षांत टाळं लागेल. सरकारने मदत जाहीर केली, अब्जाधीश आर्नो कुटुंबाने एक कोटी युरो दिले, तरीही मदतीसाठी पात्र ठरण्याच्या अटी कडक कराव्या लागल्या. दारात आलेल्या माणसाला परत पाठवायची वेळ ज्या स्वयंसेवकावर येते, त्याचं दुःख कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

“पण तो शिवराळ होता”

होता. रेस्तोसाठी दरवर्षी मोफत गाणाऱ्या कलाकारांच्या मंडळीचं नाव ‘ले झाँफ्वारे’, हीसुद्धा एक शिवीच आहे, त्याच्या तोंडची. त्याच्या शिव्यांचं मला फारसं काही वाटत नाही, त्या त्याच्या वस्तीच्या बोलीत होत्या. पण बायकांबद्दलचे आणि परदेशी माणसांबद्दलचे त्याचे काही प्रवेश आज ऐकवत नाहीत. सोंग कुठे संपतं आणि सोंग घेणारा कुठे सुरू होतो, हे त्यांत स्पष्ट राहत नाही. त्याने भुकेल्यांसाठी एवढं केलं म्हणून ते प्रवेश चांगले ठरत नाहीत, आणि ते वाईट होते म्हणून ती ताटं रिकामी होत नाहीत.

शेवट कसा झाला, आणि पाहायचं काय?

मोटारसायकल हा त्याचा जुना नाद. रेडिओवर खानावळीची कल्पना मांडली त्याच आठवड्यात इटलीतल्या नार्दोच्या धावपट्टीवर त्याने ताशी २५२ किलोमीटरचा वेगाचा विक्रम केला होता. १९ जून १९८६ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या ओपिओ गावाजवळ त्याची मोटारसायकल ट्रकला धडकली आणि तो जागीच गेला. मोंरूजच्या दफनभूमीत त्याला पुरलं. रेस्तोचा तोवर एकच हिवाळा झाला होता.

त्याला ओळखायचं असेल तर माझा सल्ला असा की आधी ‘लेल ऊ ला क्युईस’ पाहा. भाषा येत नसली तरी उपशीर्षकांवर तो मजेत पाहता येतो, आणि कारखान्यात बनवलेल्या नकली अन्नावरची त्यातली टीका आज जास्तच पटते. त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, ‘चाओ पांतँ’. मधले बाकीचे विनोदी सिनेमे राहिले तरी फार बिघडत नाही.